हार्डनची कुऱ्हाड आणि डेमेराराचा ऊस

चरित्रग्रंथात चरित्रनायकाच्या राहत्या घराचे वर्णन आले की वाचक सैलावतो. निवडणुका, मंत्रिमंडळे, भाषणे यांच्या गर्दीतून सुटल्यासारखे त्याला वाटते. मग बाग येते, अभ्यासिका येते, नातवंडे येतात, एखादा म्हातारा कुत्रा येतो. वर्गात चरित्रवाङ्मय शिकवताना आपणही अशा भागाला 'व्यक्तिचित्रणाचा जिवंतपणा' असे नाव देऊन पुढे सरकतो. आमचे म्हणणे उलट आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी राजकीय चरित्रांत सर्वांत सावधपणे लिहिलेला भाग हाच असतो, आणि म्हणून सर्वांत संशयाने वाचायचा भागही हाच. घर दाखवण्यात चरित्रकाराचा हेतू असतो. ते घर कोणाच्या पैशावर उभे राहिले हा प्रश्न वाचकाच्या मनात येऊ नये, यासाठीच त्याची निम्मी लेखणी झिजलेली असते.

उदाहरण विल्यम युअर्ट ग्लॅडस्टनचे घेऊ. जन्म १८०९, मृत्यू १८९८. चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान, उदारमतवादाचा महापुरुष, होमरचा भाष्यकार. त्याचे घर वेल्समधल्या फ्लिंटशायर परगण्यात, चेस्टरपासून जवळच. इंग्रजी अक्षरांवर विसंबून मराठीत त्याला 'हॉवर्डन' म्हणतात. गावची माणसे 'हार्डन' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. घराला 'कॅसल' म्हणत असले तरी तो किल्ला नव्हे. खऱ्या मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष त्याच आवारात टेकडीवर पडलेले आहेत. राहता वाडा अठराव्या शतकातला. त्यावर पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दात्यादात्यांचे तट आणि बुरूज चढवून त्याला किल्ल्याचे रूप दिले गेले. वडिलोपार्जित दिसण्याची ही हौस लक्षात ठेवावी. भोवती सुमारे सात हजार एकरांची जमीन आणि ती कसणारी कुळे.

या वाड्यातला ग्लॅडस्टन आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. बाह्या दुमडून कुऱ्हाड चालवणारा पंतप्रधान. १८५८ च्या सुमारास त्याला वृक्षतोडीचा छंद जडला आणि तो सत्तरी उलटून गेली तरी सुटला नाही. डिसेंबर १८६८ मध्ये राणीकडून सरकार बनवण्याचे बोलावणे येत असल्याची तार त्याच्या हाती पडली तेव्हाही तो हार्डनच्या आवारात झाडच तोडत होता. तार वाचून, थोडे थांबून, आयर्लंड शांत करणे हे आपले कार्य आहे अशा अर्थाचे तो बोलला आणि पुन्हा घाव घालू लागला. प्रसंग इतका नेटका आहे की त्याची कीर्तनात आख्यानासारखी योजना करता यावी. लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार सुटीच्या दिवशी आगगाड्या भरभरून हार्डनला येत, तोडलेल्या झाडाच्या ढलप्या प्रसादासारख्या घरी नेत. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलने १८८४ मध्ये ब्लॅकपूलच्या भाषणात या ढलप्यांची येथेच्छ टवाळी केली. ग्लॅडस्टनकडे जे कोणी काही मागायला गेले, त्या शेतकऱ्यांना, आयरिश माणसांना, ईजिप्तच्या माणसांना शेवटी ढलप्याच मिळाल्या, असा तिचा रोख होता. टवाळी प्रतिपक्षाची, त्यामुळे तिच्यातील खोट काढून घेतली पाहिजे. पण एक गोष्ट त्या चतुर माणसाने अचूक ओळखली होती. हार्डनचा एकांत हा एकांत नव्हताच. ते एक रंगपीठ होते, आणि प्रेक्षकांसाठी गाड्यांची सोय होती.

दुसरे दृश्य ग्रंथालयाचे. ते आम्हांला कुऱ्हाडीपेक्षा अधिक मोहात पाडते, हे लपवण्यात अर्थ नाही. ग्रंथांवर पोट भरणाऱ्या कोणालाही पाडील. आपल्या अभ्यासिकेला त्याने 'शांतिमंदिर' असे नाव दिले होते. वयाची ऐंशी उलटल्यावर स्वतःच्या संग्रहातील सुमारे बत्तीस हजार ग्रंथ त्याने वाड्यापासून गावातल्या एका पत्र्याच्या इमारतीत हलवले. कित्येक तर कन्या आणि नोकर यांच्या मदतीने ढकलगाडीतून, स्वतःच्या हाताने. संस्थेसाठी चाळीस हजार पौंड ठेवले. ज्यांच्यापाशी पुस्तके नाहीत अशा वाचकांना वाचकांविना पडून असलेली पुस्तके मिळावीत, ही इच्छा होती. त्याच्या मृत्यूनंतर तेथे दगडी इमारत झाली. आज ते त्याच्या नावाने ओळखले जाणारे निवासी ग्रंथालय आहे. पुस्तके फळ्यांवर कशी रचावीत यावरही त्याने १८९० मध्ये एक निबंध लिहिला. असा पंतप्रधान आपल्या वाट्याला का आला नाही, असा उसासा टाकण्याचा मोह येथे होतोच. तो उसासा घटकाभर आवरून धरावा, एवढीच आमची विनंती आहे.

कारण हा वाडा ग्लॅडस्टनचा नव्हता. तो ग्लिन घराण्याचा. १८३९ च्या जुलैत ग्लॅडस्टनचा कॅथरिन ग्लिनशी विवाह झाला. वाड्याचा धनी तिचा भाऊ सर स्टीफन, अविवाहित, व्यवहाराची गंध नसलेला, जुन्या चर्चच्या वास्तूंची टिपणे करीत हिंडणारा सज्जन माणूस. स्टॅफर्डशायरमधल्या ओक फार्म येथील विटा आणि लोखंडाच्या कारखान्यात ग्लिनांची जमीन गुंतली. १८४७ मध्ये तो कारखाना बुडाला आणि हार्डनची जहागीर सुमारे अडीच लाख पौंडांच्या देण्याखाली आली. वाडा काही काळ बंद ठेवावा लागला. जमिनीचे तुकडे विकले गेले. त्या वेळी जहागीर सावरली ती या मेहुण्याने, म्हणजे ग्लॅडस्टनने: स्वतःची वर्षे घालून आणि ग्लॅडस्टन घराण्याचा पैसा ओतून. ओक फार्मचे हिशेब निस्तरता निस्तरता आपले अर्थकारणाचे शिक्षण झाले, असे तो पुढे म्हणत असे. १८५२ मध्ये तो अर्थमंत्री झालाच. सर स्टीफन १८७४ मध्ये वारला तेव्हा आधीच्या कौटुंबिक व्यवस्थेनुसार जहागीर ग्लॅडस्टनच्या थोरल्या मुलाकडे आली. व्यापाऱ्याचा मुलगा अशा रीतीने जमीनदारांच्या पंगतीत बसला, आणि त्या पंगतीची शिस्त जन्मजात जमीनदारांहून कडकपणे पाळू लागला. १८७८ मध्ये रस्किन हार्डनला पाहुणा म्हणून आला असता त्याने यजमानावर समतावादाचा आरोप केला. ग्लॅडस्टनने तो झटकून टाकला आणि आपण सरदारशाहीच्या तत्त्वाचे पक्के पाईक, पुरते विषमतावादी आहोत असे सांगितले. 'जनतेचा विल्यम' म्हणून ज्याची कीर्ती, त्याच्या घरातला हा संवाद.

'ग्लॅडस्टन घराण्याचा पैसा' हे शब्द आम्ही वर सहज लिहून गेलो. चरित्रकारही असेच सहज लिहितात.

त्याचा बाप जॉन ग्लॅडस्टन हा लीथच्या धान्यव्यापाऱ्याचा मुलगा. लिव्हरपूलमध्ये त्याने धान्यात, पूर्वेकडच्या व्यापारात, घरजमिनींत पैसा केला, आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील डेमेराराच्या ऊसमळ्यांतही. डेमेरारा म्हणजे आजच्या गयाना देशाचा भाग. हे मळे त्याने जन्मात कधी पाहिले नाहीत. त्यांतील एकाचे नाव 'सक्सेस', म्हणजे 'यश'. १८२३ च्या ऑगस्टमध्ये याच मळ्यावर गुलामांचा उठाव सुरू झाला आणि भोवतालच्या मळ्यांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात उतरली. आपल्या मुक्ततेचा हुकूम विलायतेहून निघाला असून मालक तो दडपून ठेवीत आहेत, अशी त्यांची समजूत होती. पुढाऱ्यांत क्वामिना हा सुतार आणि त्याचा मुलगा जॅक. उठाव चिरडला गेला, शेकडो माणसे मारली गेली. क्वामिनाला गोळी घालून त्याचे प्रेत 'सक्सेस' मळ्यासमोर टांगले गेले. जॉन स्मिथ या मिशनऱ्यास गुलामांना चिथावल्याच्या आरोपावरून देहदंडाची शिक्षा झाली. तो तुरुंगातच मेला. जॅकला सेंट लूशिया बेटावर हद्दपार केले. या जॅकचे कागदोपत्री पूर्ण नाव जॅक ग्लॅडस्टन. मालकाचे नाव गुलामाला लावण्याची रीत होती. विल्यम तेव्हा तेरा वर्षांचा, ईटनच्या शाळेत.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. जॉन ग्लॅडस्टनला २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. इतकी मोठी रक्कम फार थोड्या मालकांच्या वाट्याला आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अभ्यासकांनी या भरपाईच्या नोंदी २०१३ पासून सर्वांना पाहण्यास खुल्या केल्या आहेत, त्यामुळे आता याविषयी 'संशोधन व्हायला हवे' असे मोघम म्हणून भागणार नाही. हार्डनच्या कोणत्या कौलाला डेमेराराची कोणती पै लागली, हे कोणी सांगू शकणार नाही. सगळे पैसे एकाच पेटीत जात होते. पण म्हणूनच 'ते वेगळे, हे वेगळे' असा दावाही कोणाला करता येत नाही.

आता पहिला बचाव. 'बापाचे पाप मुलाच्या माथी का?' प्रश्न न्याय्य आहे, आणि मुलाने काहीच केले नसते तर आम्ही गप्प बसलो असतो. परंतु १८३३ च्या जूनमध्ये पार्लमेंटमध्ये हा तेवीस वर्षांचा सभासद पहिल्यांदा सविस्तर बोलला तो कशाविषयी? लॉर्ड हॉविकने सभागृहात आकडे मांडले होते: जॉन ग्लॅडस्टनच्या 'व्रीड-एन-हूप' या मळ्यावर साखर वाढत गेली तसतसे गुलाम घटत गेले. डच भाषेतील त्या मळ्याच्या नावाचा अर्थ 'शांती आणि आशा'. विल्यमने उठून मळ्याच्या व्यवस्थापकाची बाजू घेतली, तो दयाळू माणूस असल्याचे सांगितले, मृत्यूंसाठी वय आणि रोगराई यांकडे बोट दाखवले, आणि गुलामगिरी कधीतरी संपावी पण मालकांना भरपाई देऊन, गुलामांची नैतिक तयारी करून, हळूहळू, असे प्रतिपादन केले. पुढे मुक्त झालेल्यांना पूर्वीच्या मालकाकडेच राबवणारी 'उमेदवारी'ची पद्धत चालू राहावी म्हणून १८३८ च्या मार्चमध्ये तो पुन्हा बोलला, आणि दीर्घ बोलला. हे बापाचे पाप कसे? ही मुलाची वक्तृत्वसाधना होती. मिडलोथियनच्या सभांत हजारोंना हेलावणाऱ्या त्या वाणीची पहिली तालीम एका ऊसमळ्याच्या हिशेबावर झाली, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी हे क्षुल्लक वाटू नये. तीच वाक्यरचना, तीच पोटवाक्यांची उतरंड, तोच 'तत्त्व मान्य, पण' असा वळसा.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची. गुलाम सुटले तर ऊस कोण तोडणार, या चिंतेने जॉन ग्लॅडस्टनने जानेवारी १८३६ मध्ये कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट या पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानी मजूर मिळतील काय अशी विचारणा केली. पेढीचे उत्तर वाचताना आजही कान तापतात. डोंगराळ मुलखातली ही माणसे माणसापेक्षा माकडाला जवळची समजली जातात, त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही, खाणेपिणे आणि झोप यांपलीकडे गरज नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. छोटा नागपूरच्या या आदिवासींना कलकत्त्याचे गोरे व्यापारी 'धांगर' म्हणत. आपल्याकडच्या धनगरांशी त्या शब्दाचा गोंधळ करू नये. 'व्हिट्बी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजे ५ मे १८३८ रोजी गयानाला लागली. ३९६ माणसे उतरली. त्यांतली काही थेट 'व्रीड-एन-हूप'वर गेली. मारहाण, आजार, पलायन यांच्या कहाण्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी वर्षभरात लंडनपर्यंत पोचवल्या आणि ही वाहतूक काही काळ थांबवावी लागली. मग ती पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत चालली. गिरमिटाची म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरीची जी दीर्घ कथा आपण गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेपासून शिकवू लागतो, तिच्या गयानातील पानावर पहिली सही ग्लॅडस्टन या नावाची आहे.

यावर दुसरा बचाव ठरलेला: 'काळाच्या मापाने मोजा.' आम्हांला हे माप मान्य आहे. फक्त काळ कोणाचा, एवढे विचारू द्यावे. हॉविक त्याच सभागृहात बसत होता, त्याच वर्गातला होता, पंतप्रधानाचा मुलगा होता. क्वामिना त्याच काळातला. आणि ज्या वर्षी ग्लॅडस्टन पहिल्यांदा पंतप्रधानपदी असून सवड मिळेल तेव्हा हार्डनला झाडे तोडीत होता, त्या १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्याच अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६२ च्या ऑक्टोबरात, न्यूकॅसल येथे बोलताना ग्लॅडस्टनने दक्षिणेच्या गुलामधारी राज्यांच्या पुढाऱ्याने एक राष्ट्र घडवले आहे, अशी ग्वाही देऊन टाकली होती. ती मोठीच चूक होती हे त्याने १८९६ च्या एका टिपणात मान्य केले; चौतीस वर्षांनी. ऑक्सफर्ड नाही, होमर नाही, बत्तीस हजार पुस्तके नाहीत, अशा एका माणसाला पुण्यात बसून जे कळले ते 'त्या काळात कळणे शक्य नव्हते' असे म्हणणे हा फुले यांचा अवमान आहे, आणि मराठीच्या वर्गात तरी तो होऊ नये.

येथे कोणी विचारील, मराठीच्या अध्यापकांनी या विलायती पुढाऱ्याच्या भानगडीत पडावेच कशाला? पडावे, कारण रानडे-गोखले यांच्या पिढीला हा उदारमतवाद आपला वाटला होता, आणि तो वाटण्याला कारणेही होती. लिटनच्या १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याविरुद्ध त्याच वर्षीच्या जुलैत पार्लमेंटमध्ये ठराव आणणारा ग्लॅडस्टनच होता. रिपनला येथे पाठवले ते त्याच्याच सरकारने, आणि तो कायदा १८८२ मध्ये गेला. हे त्याच्या जमेला धरावेच लागेल. पण त्याच १८८२ मध्ये त्याच्याच सरकारने ईजिप्तवर सैन्य उतरवले, हिंदी पलटणी तिकडे नेल्या, खर्चाचा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. आणि त्या वेळी ग्लॅडस्टनच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग ईजिप्तच्या कर्जरोख्यांत होता. रोख्यांसाठी त्याने युद्ध केले असे आम्ही म्हणत नाही. माणसे इतकी सरळ नसतात. आम्ही एवढेच म्हणतो की डेमेराराच्या भाषणातला 'तत्त्व मान्य, पण' येथे पुन्हा ऐकू येतो. त्याचे तीन खंडांचे चरित्र १९०३ मध्ये लिहिले जॉन मोर्ले याने. तोच पुढे हिंदुस्थानमंत्री झाला, आणि तो त्या पदावर असताना १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडण्यात आले. चरित्रकाराने चरित्रनायकापासून बरेच काही उचलले होते, असे म्हणावेसे वाटते. मोर्लेने डेमेरारा लपवला असे नाही. तो आरंभीच्या भागात येतो, आणि हार्डनचे कर्ज दुसरीकडे येते. दोहोंना जोडणारे वाक्य मात्र त्याला सुचत नाही.

उलट बाजूच्या उतावळ्यांशीही आमचे पटत नाही. २०२० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाने ग्लॅडस्टनचे नाव असलेल्या वसतिगृहाचे नाव बदलण्याचे ठरवले. पुढे तेथे डोरोथी कूया या कृष्णवर्णीय कार्यकर्तीचे नाव आले. तो त्यांचा अधिकार आहे आणि निवड उत्तम आहे. परंतु पाटी उतरली की वाचनही उतरते, हा आमचा अनुभव आहे. नाव निघाले, प्रश्न मिटला, विद्यार्थी पुढच्या घटकाकडे वळले! २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लॅडस्टनच्या वंशजांनी गयानाला जाऊन गुलामगिरीतील आणि गिरमिटातील आपल्या घराण्याच्या वाट्याबद्दल माफी मागितली, तेव्हा सभागृहाबाहेर भरपाईची मागणी करणारे लोक उभे होते. त्यांना पाट्यांत रस नव्हता, हिशेबात होता. वाचकाने त्यांच्या शेजारी उभे राहावे.

ग्लॅडस्टनने १८२५ पासून सत्तर वर्षे रोजनिशी ठेवली. ती १९६८ ते १९९४ या काळात चौदा खंडांत छापली गेली. पोच लिहावी तशी त्रोटक आहे ती: कोणाला पत्रे लिहिली, काय वाचले, चर्चला गेलो, झाड तोडले. वाचलेल्या ग्रंथांची संख्या वीस हजारांच्या वर जाते. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या ज्ञानाचा हा एक अपूर्व दस्तऐवज आहे, हे मान्य करून आमची सूचना अशी की विद्यार्थ्याला या रोजनिशीची १८३३ ते १८३८ ची पाने द्यावीत. त्यांच्या शेजारी भरपाईच्या नोंदवहीतले जॉन ग्लॅडस्टनचे पान ठेवावे. तिसरे म्हणून गिलँडर्स, आर्बथनॉटचे पत्र, आणि चौथे 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका. हार्डनच्या बागेचे वर्णन हवे असल्यास शेवटी वाचावे. या चार कागदांतील तीन लिहिणाऱ्यांनी डेमेरारा डोळ्यांनी पाहिलेला नाही आणि चौथ्याने त्याचे नावही घेतलेले नाही. ज्या २,५०८ जणांवर ती रक्कम मोजली गेली, त्यांच्यापैकी कोणाच्या हातचा कागद आपल्यापुढे नाही. जॅक ग्लॅडस्टनचे जे शब्द उरले आहेत तेही त्याच्यावर खटला चालवणाऱ्यांनी उतरवून घेतलेले.